वीज जाऊन आली तरी उभे राहतील असे व्हीएफ: वेगवान पॅकेटवाटेसाठी नेटवर्क कार्डाची जुळणी

आर्वी तालुक्यात मृगाचा पहिला पाऊस आला की वीज जाते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री वीज गेली, इन्व्हर्टरनं दोन तास कळ काढली आणि मग सगळं बंद पडलं. पहाटे वीज आली, सर्व्हर सुरू झाला, दिवे लुकलुकू लागले, पण आम्ही नेट पुरवतो त्या साताठ गावांत कुणाच्याच घरी नेट आलं नाही. कारण शोधायला दीड तास गेला. नेटवर्क कार्डावर मी हाताने तयार केलेले चारही व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे व्हीएफ (एकाच कार्डाचे, वेगळ्या कार्डांसारखे दिसणारे भाग), पुन्हा सुरू होताना पुसले गेले होते. ते बूटच्या वेळी आपोआप तयार होतील अशी सोय मी केलीच नव्हती.

म्हणून या लेखात व्हीएफ कसे तयार करायचे हे तर सांगणारच आहे, पण कुणी खोलीत नसताना ते आपले आपण कसे परत उभे राहतील, यावर माझा भर जास्त आहे. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये चोवीस तास माणूस असतो. आपल्याकडे किल्ली एकाच्या खिशात असते आणि तो माणूस बहुतेक वेळा शेतात असतो.

लिहिण्याच्या सोयीसाठी आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत टाकायच्या.

हे कशासाठी लागतं

आधी एक हिशेब. १० गिगाबिटच्या पोर्टवर सगळ्यात लहान, ६४ बाइटची पॅकेटं पूर्ण वेगानं आली तर ती सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार होतात. तारेवर प्रत्येक पॅकेटच्या पुढंमागं आणखी २० बाइटची जागा लागते, ती धरून हा आकडा येतो. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला तेवढ्यात जेमतेम २०० ठोके (क्लॉक सायकल) मिळतात. लिनक्स कर्नलची नेहमीची वाट, म्हणजे इंटरप्ट, बफर, मग ब्रिज, मग व्हर्च्युअल मशीन, एवढ्या ठोक्यांत बसत नाही. पॅकेटं १५१८ बाइटची असतील तर तोच पोर्ट सेकंदाला फक्त ८ लाख १२ हजार पॅकेटं देतो, आणि मग साध्या कर्नलवरही काम निभावतं. त्यामुळं त्रास गिगाबिटच्या आकड्यापेक्षा पॅकेटांच्या संख्येनं होतो. ऑनलाइन खेळ, कॉलमधला आवाज, आणि कुणाच्या घरचा बिघडलेला राउटर असेल तर त्याचा भडिमार, ही सगळी लहान पॅकेटं.

माझं स्पष्ट मत सांगतो. तुमची एकूण वाहतूक एक-दीड गिगाबिटच्या आत असेल आणि सर्व्हरवर एकच काम चालत असेल, तर व्हीएफच्या वाटेला जाऊ नका. साधं लिनक्स, नीट बसवलेले इंटरप्ट आणि एनएफटेबल्स (लिनक्सचं फायरवॉल) पुरतं. एकाच यंत्रावर नॅटचं (अनेक घरांना बाहेरचा एकच पत्ता वापरू देणारं) मशीन, चाचणीचं मशीन, निगराणीचं मशीन अशी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन ठेवायची असतील आणि वाहतूक काही गिगाबिटांत गेली असेल, तर पुढं वाचा.

अप्पर वर्ध्याचा कालवा आमच्या भागातल्या लोकांनी पाहिलेला आहे. पाटाचं मुख्य दार एक असतं आणि तिथून शेतांकडे चाऱ्या निघतात. प्रत्येक पाळीला पाटकऱ्यानं बादलीनं पाणी वाटायचं ठरवलं तर कुणाचंच शेत भिजणार नाही. कर्नलमधला सॉफ्टवेअर ब्रिज अशी बादली घेऊन उभा असतो. व्हीएफ ही कार्डानं स्वतः काढलेली चारी. पॅकेट कोणत्या चारीत जायचं हे कार्डातला स्विच मॅक पत्त्यावरून आणि व्हीएलॅनवरून (एकाच तारेवर टॅग लावून वेगळी केलेली जाळी) ठरवतो आणि डेटा थेट त्या मशीनच्या मेमरीत टाकतो. मुख्य दार म्हणजे फिजिकल फंक्शन, पीएफ. ते होस्टच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, कर्नल ड्रायव्हरकडेच राहतं, आणि किती चाऱ्या काढायच्या, कुणाला काय परवानगी द्यायची हे त्याच्यावरून ठरतं. या पद्धतीला एसआर-आयओव्ही म्हणतात. पीसीआय-सिग या संस्थेनं तिचं पहिलं प्रमाणक २००७ मध्ये काढलं.

कार्ड आणि स्लॉट

जुन्या सर्व्हरच्या बाजारात इंटेलची दोन कार्डं भरपूर मिळतात. एक ८२५९९ चिपचं, एक्स५२० नावानं विकलं जातं. दुसरं एक्स७१०. पहिल्यावर लिनक्समध्ये प्रत्येक पोर्टला ६३ पर्यंत व्हीएफ निघतात. दुसऱ्यावर पूर्ण कार्डाला १२८, म्हणजे दोन पोर्टच्या कार्डावर प्रत्येकी ६४. आपल्याला एवढे कधीच लागत नाहीत. पण एक फरक महत्त्वाचा आहे. ८२५९९ च्या व्हीएफला प्रॉमिस्क्युअस मोड मिळत नाही, म्हणजे दुसऱ्या मॅकसाठी आलेली पॅकेटं त्याला दिसणार नाहीत. व्हीएफवर ब्रिज चालवायचा असेल किंवा सगळी वाहतूक पाहायची असेल तर हे कार्ड चालत नाही. नुसतं राउटिंग आणि नॅट असेल तर उत्तम चालतं. मी एक्स७१० घेतलं, आणि पुढची उदाहरणं त्याचीच आहेत.

मेलानॉक्सची कार्डं वेगळी वागतात. त्यांच्यावर आधी फर्मवेअरमध्येच एसआर-आयओव्ही चालू करून व्हीएफची कमाल संख्या लिहावी लागते, आणि डीपीडीके (कर्नलला वगळून प्रोग्रामला थेट कार्डाकडून पॅकेटं घेऊ देणारं सॉफ्टवेअर) वापरताना त्यांचा कर्नल ड्रायव्हर काढायचा नसतो. पुढं व्हीएफआयओला (कार्ड थेट प्रोग्रामच्या किंवा व्हर्च्युअल मशीनच्या हाती देणारा लिनक्सचा ड्रायव्हर) बांधण्याचा जो भाग येईल, तो डीपीडीकेसाठी त्यांना लागू नाही.

स्लॉट तपासल्याशिवाय कार्ड बसवू नका. आठ लेनचा दिसणारा स्लॉट आतून चारच लेनचा असू शकतो. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीत चार लेन म्हणजे एका दिशेला १६ गिगाबिट, आणि दोन पोर्ट मिळून २० मागतात. एलएसपीसीआय -व्हीव्ही चालवून कार्डाच्या नोंदीत एलएनकेस्टा ही ओळ पाहा. एक्स७१० ला तिथं ८ जीटी (लेनचा वेग) आणि एक्स८ (आठ लेन) दिसायला हवं.

आता आपल्या हवामानाचं. या कार्डांवर पंखा नसतो, फक्त ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो. सर्व्हरच्या पेटीतला जोरदार वारा त्याच्यावरून जाईल असं गृहीत धरलेलं असतं. साध्या डेस्कटॉपच्या डब्यात कार्ड घातलं आणि मे महिन्यात बाहेर ४५ अंश झाले की ते तापून लिंक सोडू लागतं. शिवाय जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू असतात. ते हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखे जमतात. दिवाळीपासून मार्चपर्यंत मी दर महिन्याला ब्लोअर मारतो. आणि सर्व्हरच्या खोलीत पाण्याचा कूलर लावू नका. उन्हाळ्यात तो स्वस्त पडतो खरा, पण त्याची ओल कनेक्टरवर बसते. एसी परवडत नसेल तर गरम हवा बाहेर फेकणारा मोठा एक्झॉस्ट पंखा बरा.

बायोसमध्ये चार गोष्टी

प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन चालू करा. व्हीटी-डी चालू करा, एएमडीवर त्याचं नाव आयओएमएमयू असतं. एसआर-आयओव्ही सपोर्ट नावाची वेगळी नोंद असते, ती बऱ्याच सर्व्हरवर मुळात बंद असते. अबव्ह ४जी डिकोडिंग दिसलं तर तेही चालू करा, नाहीतर व्हीएफसाठी पत्त्यांची जागा अपुरी पडू शकते.

तिथंच असताना आणखी एक नोंद पाहा. वीज जाऊन परत आल्यावर यंत्रानं काय करायचं, ही ती नोंद. ती 'पॉवर ऑन' वर ठेवा. 'लास्ट स्टेट' वरही चालतं, पण कुणी सर्व्हर व्यवस्थित बंद केल्यावर वीज गेली तर तो बंदच राहतो. गावात बसवलेल्या यंत्राला 'पॉवर ऑन' हेच योग्य.

कर्नलला सांगायचं ते

ग्रबच्या (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) फाईलमधल्या कर्नलच्या ओळीत मी हे जोडतो:

इंटेल_आयओएमएमयू=ऑन आयओएमएमयू=पीटी डीफॉल्ट_ह्यूजपेजएसझेड=१जी ह्यूजपेजएसझेड=१जी ह्यूजपेजेस=१६

पहिल्या शब्दामुळं आयओएमएमयू चालू होतो. व्हर्च्युअल मशीनला दिलेला व्हीएफ त्या मशीनच्याच मेमरीत लिहील, होस्टच्या नाही, याची हमी तो देतो. दुसऱ्यामुळं होस्टच्या स्वतःच्या उपकरणांवर त्याचा बोजा पडत नाही. एएमडीवर पहिला शब्द लागत नाही.

बाकीचे तीन मोठ्या पानांसाठी. साधं पान ४ किलोबाइटचं असतं. पॅकेटचे बफर अशा लाखो लहान पानांवर पसरले की प्रोसेसरला पत्ते शोधण्यातच वेळ जातो. १ गिगाबाइटची पानं घेतली की हा शोध जवळपास संपतो. बूटच्या वेळीच ही पानं मागा, कारण नंतर मेमरी तुकड्यांत विखुरलेली असते आणि एवढी सलग जागा मिळत नाही. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर ही १६ पानं दोन्हींत सारखी वाटली जातात, प्रत्येकाला ८. एका बाजूला १० गिगाबाइटचं मशीन बसवायला गेलात तर एकूण १६ असूनही जागा नाही असं उत्तर येईल. माझा एक अख्खा दिवस यात गेला होता.

ग्रब नव्यानं लिहून यंत्र रीस्टार्ट करा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) डीएमएआर शोधा, आयओएमएमयू चालू झाल्याची ओळ दिसेल. /सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स या फोल्डरात काहीच नसेल तर बायोसमध्ये परत जा. पुढं जाऊन उपयोग नाही.

किती व्हीएफ

आमच्या कार्डाचे दोन पोर्ट आहेत. पहिला गावांकडून येणाऱ्या फायबरच्या स्विचला, दुसरा वरच्या कंपनीच्या लिंकला. नॅटच्या मशीनला प्रत्येक पोर्टवरचा एक व्हीएफ, चाचणीच्या मशीनला प्रत्येकी एक. म्हणजे पोर्टवर दोन, एकूण चार. कार्ड ६४ देतं म्हणून ६४ काढू नका. प्रत्येक व्हीएफ रांगा, पत्ते आणि इंटरप्ट अडवून बसतो.

पोर्टवर जास्तीत जास्त किती निघतात ते आधी वाचा (आमच्या पहिल्या पोर्टचं नाव ईएनएस१एफ०, दुसऱ्याचं ईएनएस१एफ१):

कॅट /सिस/क्लास/नेट/ईएनएस१एफ०/डिव्हाइस/एसआरआयओव्ही_टोटलव्हीएफएस

मग तयार करा:

इको ० > /सिस/क्लास/नेट/ईएनएस१एफ०/डिव्हाइस/एसआरआयओव्ही_ड्रायव्हर्स_ऑटोप्रोब
इको २ > /सिस/क्लास/नेट/ईएनएस१एफ०/डिव्हाइस/एसआरआयओव्ही_नमव्हीएफएस

पहिली ओळ बरेच जण सोडतात. ती दिली नाही तर तयार होताच होस्टचा आयएव्हीएफ ड्रायव्हर प्रत्येक व्हीएफ पकडतो, होस्टवर नवे इंटरफेस उगवतात आणि नेटवर्क मॅनेजर त्यांना पत्ते देऊ पाहतो. नंतर ते सोडवत बसावं लागतं. ऑटोप्रोब बंद असलं की व्हीएफ मोकळे राहतात.

आकडा बदलायचा असेल, म्हणजे २ चे ३ करायचे असतील, तर आधी ० लिहावं लागतं. थेट ३ लिहिलं तर बिझी म्हणून नकार येतो. आणि ० लिहिलं की चालू मशीनांचेही व्हीएफ जातात. त्यामुळं एखादा व्हीएफ पुढं लागेल असं वाटत असेल तर पहिल्याच दिवशी काढून ठेवा, भरदिवसा आकडा बदलायची पाळी येऊ देऊ नका.

तयार करतानाच चूक आली आणि डीमेसेजमध्ये एमएमआयओची (कार्डासाठीच्या पत्त्यांची) जागा पुरेशी नाही असं दिसलं, तर अबव्ह ४जी डिकोडिंग पाहा. तरीही नाही झालं तर कर्नलच्या ओळीत पीसीआय=रीअलॉक जोडा.

दुसऱ्या पोर्टवर हेच करा. मग एलएसपीसीआय मध्ये व्हर्च्युअल फंक्शन असलेल्या ओळी पाहा. आमच्याकडे पहिल्या पोर्टचे ०३:०२.० आणि ०३:०२.१ असे आले, दुसऱ्याचे ०३:०ए.० पासून. ८२५९९ वर दोन्ही पोर्टचे पत्ते एकाआड एक गुंफलेले येतात: ०३:१०.०, १०.२ पहिल्याचे, १०.१, १०.३ दुसऱ्याचे. अंदाजानं पत्ता धरला तर गावाकडची तार वरच्या लिंकच्या जागी जोडल्यासारखं होतं. प्रत्येक व्हीएफच्या सिस फोल्डरात फिजएफएन नावाची जोडणी असते, ती त्याचा पीएफ कोणता ते सांगते. तिथं पाहून खात्री करा.

मॅक, व्हीएलॅन, विश्वास: हे आधी, बांधणं नंतर

क्रम इथं फार महत्त्वाचा. मॅक किंवा व्हीएलॅन बदलला की पीएफचा ड्रायव्हर त्या व्हीएफला रीसेट करतो. आत डीपीडीकेचा प्रोग्राम चालू असेल तर त्याची वाट तुटते. म्हणून आधी सगळे गुणधर्म ठरवा, मगच व्हीएफ कुणाच्या हवाली करा.

आयपी लिंक सेट ईएनएस१एफ० अप
आयपी लिंक सेट ईएनएस१एफ० व्हीएफ ० मॅक ०२:००:००:००:०१:०१
आयपी लिंक सेट ईएनएस१एफ० व्हीएफ ० ट्रस्ट ऑन
आयपी लिंक सेट ईएनएस१एफ० व्हीएफ ० स्पूफचेक ऑन

पहिली ओळ साधी दिसते, पण काही ड्रायव्हरांत पीएफ डाऊन असला की व्हीएफचीही लिंक जाते. पीएफला आयपी पत्ता नसला तरी चालेल, तो अप असायला हवा.

मॅक स्वतः ठरवून द्या. दिला नाही तर दर वेळी नवाच मॅक येऊ शकतो, आणि मॅक पाहूनच लिंक देणारी वरची कंपनी असेल तर रीस्टार्टनंतर तुमची लिंक बंद. ०२ नं सुरू होणारे मॅक स्थानिक वापरासाठी मोकळे असतात, कुणा कार्डाच्या छापील मॅकशी त्यांची टक्कर होत नाही.

स्पूफचेक म्हणजे या व्हीएफमधून निघणाऱ्या पॅकेटवर त्याचाच मॅक आहे ना, ही तपासणी. कार्ड ती स्वतः करतं आणि न जुळणारं पॅकेट गुपचूप टाकून देतं. आत ब्रिज चालत असेल, किंवा दोन यंत्रांत फिरणारा व्हीआरआरपीचा (एक राउटर पडला की दुसऱ्यानं त्याचा पत्ता उचलायची पद्धत) मॅक असेल, तर हे बंद करावं लागतं. त्याशिवाय चालूच ठेवा. पॅकेटं येतात पण जात नाहीत अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा इथंच पाहतो.

ट्रस्ट हा मोठा अधिकार आहे. विश्वासातला व्हीएफ स्वतःचा मॅक बदलू शकतो आणि प्रॉमिस्क्युअस होऊ शकतो. त्याच्याविना एक्स७१० चा व्हीएफ मोजकेच मॅक आणि मोजकेच व्हीएलॅन धरू शकतो. आमच्याकडे गावागणिक व्हीएलॅन आहेत, म्हणून नॅटच्या मशीनला ट्रस्ट दिला. चाचणीच्या मशीनला दिला नाही आणि देऊही नये, कारण तिथं आपण काहीही प्रयोग करतो.

व्हीएलॅनचे दोन मार्ग आहेत. पीएफवरून व्हीएफला एकच व्हीएलॅन नेमून दिला, तर टॅग लावणं आणि काढणं कार्ड करतं, आतल्या मशीनला त्याचा पत्ताही नसतो. चाचणीच्या मशीनसाठी हे छान. पण मशीनला अनेक व्हीएलॅन स्वतः हाताळायचे असतील तर पीएफवरून काहीही नेमू नका, आकडा ० ठेवा, आणि मशीनच्या आतून प्रत्येक व्हीएलॅनचा फिल्टर जोडा. दोन्ही एकत्र केलं की टॅगवर टॅग चढतो आणि गोंधळ होतो.

मोठी पॅकेटं लागत असतील तर पीएफचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) आधी वाढवा. एखाद्या मशीननं सगळी लिंक खाऊ नये असं वाटत असेल तर मॅक्स_टीएक्स_रेट आहे, आकडा मेगाबिटमध्ये द्यायचा. ती मर्यादा फक्त बाहेर जाणाऱ्या बाजूला लागते.

व्हीएफआयओला बांधणं

मॉडप्रोब व्हीएफआयओ-पीसीआय
डीपीडीके-डेव्हबाइंड.पीवाय --बाइंड=व्हीएफआयओ-पीसीआय ००००:०३:०२.०

चारही व्हीएफ असेच बांधा आणि मग त्याच स्क्रिप्टला --स्टेटस देऊन यादी पाहा. व्हीएफ डीपीडीकेच्या गटात आणि दोन्ही पीएफ कर्नलच्या गटात दिसले पाहिजेत.

इथं झालेली माझी चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. श्रावणात, वर्ध्यात घरी बसून, मी घाईत ०३:०२.० ऐवजी ०३:००.० टाकलं. तो पीएफ होता, आणि त्या वेळी मी त्याच पोर्टवरून आत शिरलेलो होतो. स्क्रिप्टनं नकार दिला, इंटरफेस वापरात आहे असं स्वच्छ सांगितलं. मी यादी न पाहता शेवटी --फोर्स जोडलं. त्या क्षणी माझं एसएसएच तुटलं, सगळे व्हीएफ गेले आणि सात गावांचं नेट बंद पडलं. भर पावसात मोटरसायकलनं आर्वी गाठली, आणि तिथून सर्व्हर असलेल्या गावापर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर काळ्या मातीच्या चिखलातून पायी. तेव्हापासून दोन नियम पाळतो. देखभालीसाठी मदरबोर्डवरचा वेगळा १ गिगाबिटचा पोर्ट ठेवायचा, वेगवान कार्डाशी त्याचा संबंध नाही. आणि --फोर्स हा शब्द दूरवरून कधीही टाइप करायचा नाही.

बांधताना आयओएमएमयूचे ग्रुप पाहा. प्रत्येक व्हीएफ आपल्या वेगळ्या ग्रुपमध्ये असला पाहिजे. सर्व्हरच्या बोर्डावर सहसा तसंच असतं. डेस्कटॉपच्या बोर्डावर कार्डाचं सगळं काही एकाच ग्रुपमध्ये आलेलं दिसतं आणि मग एक व्हीएफ एका मशीनला, दुसरा दुसऱ्याला देता येत नाही. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून पाहा. ग्रुप जबरदस्तीनं फोडणारे कर्नलचे पॅच फिरतात, पण त्यात मशीनांमधली भिंत खरी राहत नाही. ग्राहकांच्या वाहतुकीसाठी मी ते वापरणार नाही.

कोअर आणि मेमरी एकाच बाजूला

दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये कार्ड एकाच प्रोसेसरला जोडलेलं असतं. /सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस खाली कार्डाच्या पत्त्याच्या फोल्डरात नुमा_नोड फाईल आहे. तिथं ० असेल तर पॅकेटचे कोअर आणि मोठी पानं दोन्ही ० वरचीच घ्या. नाहीतर प्रत्येक पॅकेट दोन प्रोसेसरांमधला पूल ओलांडत राहतं आणि आधीच कमी असलेल्या २०० ठोक्यांतून बरेच तिथं खर्च होतात. -१ दिसलं आणि एकच प्रोसेसर असेल तर काळजी नाही.

पॅकेटांसाठीचे कोअर कर्नलच्या ओळीत आयसोलसीपीयूज, नोएचझेड_फुल आणि आरसीयू_नोसीबीज यांना देऊन बाजूला काढा, म्हणजे होस्टची इतर कामं तिथं येणार नाहीत. हायपरथ्रेडिंगची जोडी लक्षात घ्या. एकाच कोअरची दोन नावं दोन कामांना दिलीत तर दोघंही अर्धपोटी राहतात.

आत व्हर्च्युअल मशीन असेल तर लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी सेवा) फाईलमध्ये तीन गोष्टी लागतात: मेमरी मोठ्या पानांवर, प्रत्येक व्हीसीपीयू ठरावीक कोअरला खिळलेला, आणि व्हीएफ होस्टडेव्ह प्रकारचा इंटरफेस म्हणून दिलेला. मशीनच्या आत सहसा आयओएमएमयू नसतो. त्यामुळं तिथं डीपीडीके चालवताना व्हीएफआयओचा नो-आयओएमएमयू मोड चालू करावा लागतो, नाहीतर बांधताना चूक येते. हा मोड होस्टवर मात्र वापरू नका. आतल्या मशीनला होस्टच्या आयओएमएमयूचं कुंपण असतं, होस्टला दुसरं कुंपण नाही.

व्हीएफ दिलेलं मशीन चालू अवस्थेत दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं सहज होत नाही, आणि त्या व्हीएफची पॅकेटं होस्टच्या टीसीपीडम्पला दिसत नाहीत. पाहायचं असेल तर डीपीडीके-डम्पकॅप किंवा स्विचवर मिररिंग.

चाचणी

खरा प्रोग्राम लावण्याआधी टेस्टपीएमडी (डीपीडीकेबरोबर येणारा चाचणीचा प्रोग्राम) चालवा. वर सांगितलं त्याप्रमाणे व्हीएफ बांधून, होस्टवरच:

डीपीडीके-टेस्टपीएमडी -एल २,४,६ -ए ००००:०३:०२.० -ए ००००:०३:०ए.० -- -आय --एनबी-कोअर्स=२

कोअर २ आज्ञा ऐकतो, ४ आणि ६ पॅकेटं हलवतात. आतून 'सेट एफडब्ल्यूडी मॅकस्वॅप', मग 'स्टार्ट'. दुसऱ्या यंत्रावरून टीरेक्स किंवा पॅकेटजेननं या व्हीएफच्या मॅककडे पॅकेटं सोडा आणि 'शो पोर्ट स्टॅट्स ऑल' पाहत राहा.

दोन आकडे सगळं सांगतात. आरएक्स-मिस्ड वाढत असेल तर कार्डानं पॅकेट आणलं पण कोअरनं वेळेत उचललं नाही: कोअर कमी, किंवा नुमाची बाजू चुकली, किंवा प्रोसेसर वीजबचतीच्या मोडमध्ये झोपतोय. गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा, बायोसमध्ये खोल सी-स्टेट बंद करा. आरएक्स-नोमबफ वाढत असेल तर बफरांचा साठा लहान आहे, मेमरीचा तो प्रश्न. दोन्ही शून्य आणि तरीही पॅकेटं कमी, तर मॅक, व्हीएलॅन आणि स्पूफचेकवर परत जा.

टॉपमध्ये हे कोअर सतत १०० टक्के दिसतील. घाबरू नका. डीपीडीके इंटरप्टची वाट न पाहता सारखं विचारत राहतं, पॅकेट असो वा नसो. पण त्याचा अर्थ रात्री वाहतूक नसतानाही तेवढीच वीज आणि तेवढीच उष्णता. इन्व्हर्टर किती वेळ टिकेल याचा हिशेब हे कोअर चालू ठेवूनच करा. मी आधी केला नव्हता, म्हणून तीन तासांचा अंदाज दोन तासांवर आला.

आपोआप उभं राहणं

सिसमध्ये लिहिलेलं काहीही रीस्टार्टनंतर टिकत नाही. आयपी लिंकच्या आज्ञाही नाहीत. म्हणून वरचा सगळा क्रम एका शेल स्क्रिप्टमध्ये घाला: ऑटोप्रोब बंद, ० लिहिणं, मग २, पीएफ अप, प्रत्येक व्हीएफचा मॅक, व्हीएलॅन, ट्रस्ट, स्पूफचेक, आणि शेवटी बांधणं. कोणतीही पायरी फसली तर स्क्रिप्टनं तिथंच थांबून चूक नोंदवावी, म्हणून वर सेट -ई ठेवा.

ती चालवण्यासाठी सिस्टमडीचं (लिनक्समध्ये बूटच्या वेळी सेवा सुरू करणारा प्रोग्राम) एक वनशॉट, म्हणजे एकदाच चालणारं, युनिट लिहा. त्यात दोन गोष्टी नेमक्या हव्यात. पहिली, ईएनएस१एफ० आणि ईएनएस१एफ१ ही उपकरणं हजर झाल्यावरच ते सुरू व्हावं. आफ्टर आणि रिक्वायर्समध्ये त्या उपकरणांची युनिटं लिहा. कार्डाचा ड्रायव्हर कधी दोन सेकंद उशिरा येतो आणि स्क्रिप्ट रिकाम्या जागी लिहू पाहते. दुसरी, बिफोरमध्ये लिबव्हर्ट लिहा, म्हणजे व्हीएफ तयार होण्याआधी मशीन सुरू होणार नाहीत. आमच्या त्या पहिल्या रात्री तर असं युनिटच नव्हतं. युनिट इनेबल करायला विसरू नका, आणि मशीनांचं ऑटोस्टार्टही.

नेटप्लॅनमध्ये व्हीएफची संख्या लिहायची सोय आहे, यूडेव्हच्या नियमातूनही ती लिहिता येते. पण मॅक, ट्रस्ट, बांधणं हे सगळं एका जागी, एका क्रमानं दिसत असेल तर रात्री दोन वाजता फोनवरून कुणाला समजावणं सोपं जातं. मला स्क्रिप्टच बरी वाटते.

आता शेवटची चाचणी. रीबूट नावाची आज्ञा देऊन ती होत नाही. ग्राहकांना आदल्या दिवशी कळवा, पहाटे जा, मशीन व्यवस्थित बंद करा, आणि भिंतीवरचं बटण बंद करून पाच मिनिटं थांबा. मग बटण चालू करा आणि कळफलकाला हात लावू नका. आमच्या सर्व्हरला मेमरी तपासण्यातच चार मिनिटं लागतात, पहिल्या गावातल्या राउटरचं उत्तर साडेसहाव्या मिनिटाला येतं. स्विच मात्र मिनिटभरात जागा होतो. हे आकडे लिहून ठेवा, म्हणजे खऱ्या वीजबंदीनंतर सातव्या मिनिटापर्यंत धीर धरता येतो. हीच चाचणी दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी पुन्हा करा. कर्नल अपडेट झालं असेल तर इंटरफेसचं नावही बदललेलं असू शकतं, आणि ते पहाटे सहाला शांतपणे कळलेलं बरं.

खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक लॅमिनेट केलेला कागद लावला आहे. चार व्हीएफचे पत्ते, त्यांचे मॅक, कोणता कुठल्या मशीनला, दोन्ही पीएफचे पत्ते लाल शाईत, आणि युनिटची स्थिती पाहायची एक आज्ञा. किल्ली ज्याच्याकडे असते त्या पोराला मी तो कागद दोनदा वाचून दाखवला, आणि मागच्या मृगात त्यानं फोनवर मला नुसतं एवढंच सांगितलं, "भाऊ, चारही हिरवे दिसून राहिले."